न करण्याची सवय

मागच्या तपासणीला न्यूरोच्या ओपीडीत माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. पंचविशीची असेल. डाव्या डोळ्याची पापणी खाली आलेली, हनुवटीखाली हात धरून मान सावरलेली. माझ्या फाइलवरचं आजाराचं नाव वाचून तिने विचारलं, "ताई, तुम्हालाही मायस्थेनियाच आहे? मग तुम्ही आता बऱ्या झालात का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. 'नाही' म्हणणंही खरं झालं नसतं. तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती आत गेली. तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. तिच्या हाती पडेल की नाही ठाऊक नाही, पण तिच्यासारखं दुसरं कुणी वाचेल.

दोन घड्याळं

मी संगीता. माहेर परभणीकडचं, लग्नानंतर पुण्याजवळ मोशीत आले. महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात, तिथे सतरा वर्षं काम केलं. बोर्डासमोर उभं राहून वायरी बसवण्यापासून सुरुवात केली आणि लाइन सुपरवायझर झाले. हाताखाली बावीस मुली. हातात स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या मागे उभं राहायचं आणि पन्नास सेकंदांचं काम पंचेचाळीसमध्ये कसं बसेल ते शोधायचं, हे माझं काम. ते मला आवडायचं आणि चांगलंही जमायचं. घरीसुद्धा माझी तीच चाल होती. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत कपडे वाळत घालून झाले पाहिजेत, असं काहीतरी डोक्यात सतत चालू असायचं. सकाळी सहाच्या कंपनी बसमध्ये बसले की बाकीच्या बायका झोपायच्या. मी भाजी निवडायचे.

पहिल्यांदा सांगितलं ते लाइनवरच्याच एका मुलीनं. "मॅडम, तुमचा एक डोळा झोपलाय." सगळ्या हसल्या, मीही हसले. आठवडाभरात दुपारनंतर स्टॉपवॉच दोन दिसायला लागली, एक खरं आणि एक त्याच्या जरा वर. चष्मा बदलला. महिन्याने पुन्हा बदलला. मग जेवताना जबडा दमायला लागला. भाकरीचे चार घास झाले की पुढचा घास चावताना हनुवटीला खालून हात लावावा लागायचा. शिफ्ट संपताना मीटिंगमध्ये बोलू लागले की आवाज नाकात जायचा. साहेब म्हणायचे, "सर्दी झाली का?" मी म्हणायचे, "हो."

या आजाराची लबाडी अशी, की सकाळी तो दिसतच नाही. रात्रभर झोपून उठलं की पापणी जागेवर, आवाज जागेवर. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "सकाळी तर धडधाकट असतीस. सांजच्याला काय होतं तुला?" त्यांचा सूर वाईट नव्हता, पण त्यात शंका होती. ती शंका मलाही होती.

बर्फ

निदान झालं तो दिवस माझ्या लक्षात आहे तो रबरी हातमोज्यामुळे. चिंचवडच्या डॉक्टरांनी हातमोज्याच्या एका बोटात बर्फ भरला, गाठ मारली आणि माझ्या पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरायला सांगितला. मी सवयीनं मनात सेकंद मोजले. बर्फ काढला आणि डोळा उघडला, पूर्ण उघडला. माझे यजमान, राजेंद्र, समोर बसले होते. ते एकदम म्हणाले, "अगं, उघडला की." मला वाटलं, झालं, बरी झाले. डॉक्टर मात्र मान हलवत होते. त्यांना जे वाटत होतं तेच निघालं होतं. पुढे रक्ताच्या आणि नसांच्या तपासण्यांनी त्यावर शिक्का मारला.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. "तुमचे स्नायू चांगले आहेत. पण त्यांना मिळणारा निरोप वाटेत पुसट होतो. जितकं वापराल तितकं दमतील. थांबलात की पुन्हा येतील. गोळ्या मी देतो, पण गोळ्यांइतकंच थांबणंही लागेल. कामं कमी करा."

मी विचारलं, "किती टक्के कमी?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. तुमचं शरीर सांगेल. फक्त ऐकायची सवय लावा."

घरी जाताना स्पाइन रोडला राजेंद्रनी गाडी बाजूला घेतली. चहाच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. ते टूलरूममध्ये काम करतात, मिलीमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारा माणूस. पण त्या दिवशी चहा अर्धा सांडून गेला तरी त्यांना कळलं नाही. "हे मरायचं आजारपण नाही म्हणाले ना डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही म्हणाले. नीट राहिलं तर नाही." त्यातलं 'नीट राहिलं तर' मी स्वतःच ऐकलं नव्हतं.

एका श्वासात किती

गोळ्या लागू पडल्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगात ताकद यायची आणि तीन-चार तास टिकायची. शहाण्या माणसानं ती ताकद जपून वापरली असती. मी गोळ्यांच्या वेळा कामाच्या वेळांना जुळवल्या. कंपनीत कुणाला सांगितलं नाही. ग्राहक कंपनीचं ऑडिट यायचं होतं, ते झालं की सुट्टी घेऊ, असं ठरवलं. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात ताप आणि खोकला आला. तो अंगावर काढला. रविवारी घरातले सगळे पडदे धुतले, कारण सोमवारपासून वेळ मिळणार नव्हता.

सोमवारी सकाळी पाणी प्यायले तर ते नाकातून बाहेर आलं. बोलायला गेले तर शब्दांऐवजी नुसता घोळ. मुलगी श्वेता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिनंच ओळखलं. ती म्हणाली, "मम्मी, एका श्वासात आकडे म्हण." मी सातपर्यंत गेले आणि श्वास संपला. तिनं वडिलांना हाक मारली ती हाक मला अजून ऐकू येते.

आयसीयूत मला पाच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. बाकीचं सगळं डॉक्टर सांगतील, मी फक्त एक सांगते. या आजारात माणूस शुद्धीवर असतो. सगळं ऐकू येतं, कळतं, पण पापणी उचलता येत नाही. मी मेले असं समजून कुणी निघून जाईल, ही माझी भीती होती. दुसऱ्या दिवशी जरा बोटं हलली तेव्हा सिस्टरनी पाटी दिली. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, मी पहिलं लिहिलं ते असं: 'किती वाजले?' घड्याळ माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं. दर थोड्या वेळानं मी तेच लिहायचे. वेळ मोजता आली असती तर भीती कमी झाली असती, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या मावशी आल्या. माझ्या केसांचा पार गुंता झाला होता. त्या म्हणाल्या, "सोडवू का? कापायला नको वाटतं बाई." त्या टोकाकडून एकेक बट सोडवत वर गेल्या. घाई नाही, ओढ नाही. मध्येच त्यांच्या नातवाबद्दल काहीतरी सांगत होत्या. मला वाटतं अर्धा तास गेला असेल. किती गेला ते मी विचारलं नाही, हे मला वेणी घालून झाल्यावर लक्षात आलं.

वैजयंतीताई

नळी निघाल्यावर मला दोन खाटांच्या खोलीत हलवलं. दुसऱ्या खाटेवर वैजयंतीताई होत्या, साठीच्या पुढच्या. पायांच्या नसांचं त्यांचं जुनं दुखणं, दर काही महिन्यांनी पाच दिवस सलाइन घ्यायला त्या येत. त्यांचा व्यवसाय ऐकून मला गंमत वाटली. त्या चिनी भाषेच्या दुभाषी होत्या. चाकणच्या कारखान्यांत चीनहून मशिनं येतात, त्यांच्याबरोबर माणसं येतात, त्या माणसांचं बोलणं आपल्या लोकांना सांगायचं.

मी जेवताना घाई करायचे. पेज समोर आली की चमचा भरभर, कारण गोळीचा जोर उतरायच्या आत संपवायची. दोनदा ठसका लागला. तिसऱ्यांदा वैजयंतीताई म्हणाल्या, "संगीता, एक सांगू? घोट घे आणि चमचा खाली ठेव. हातात धरून ठेवू नकोस. खाली ठेव."

मी ठेवला. घोट नीट उतरला.

मग त्यांनी मला एका म्हाताऱ्या चिनी फिटरची गोष्ट सांगितली. एका कारखान्यात पत्रा दाबायचं नवं प्रेस मशीन काही केल्या नीट चालत नव्हतं. आपले सगळे लोक त्याभोवती पळत होते. हा माणूस आला, खुर्ची मागितली आणि मशिनजवळ नुसता बसला. सकाळ गेली. साहेब चिडले. त्यांनी वैजयंतीताईंना सांगितलं, विचारा त्याला, हा काय करतोय? त्यांनी विचारलं. फिटर म्हणाला, "वू वेइ."

"आता हे साहेबांना कसं सांगायचं?" वैजयंतीताई म्हणाल्या. "शब्दाला शब्द ठेवला तर होतं, 'काही न करणं'. मी तसंच सांगून बसले. साहेबांचा चेहरा बघायला हवा होतास. जेवणाच्या सुट्टीनंतर तो उठला, एक बोल्ट अर्धा फेरा सैल केला आणि मशीन नीट चालू लागलं. सगळ्यांनी मिळून ते जास्त आवळून ठेवलं होतं."

"मग त्याचा खरा अर्थ काय?"

"वू वेइ हा ताओ विचारातला शब्द. ताओ म्हणजे वाट. पाणी कसं आपल्या उताराची वाट धरतं, तशी प्रत्येक गोष्टीची एक वाट असते म्हणतात. तिच्या आड न येणं म्हणजे वू वेइ. हातपाय गाळून बसणं नाही. उगाचचं काही न करणं."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "ताई, हे फिटरला ठीक आहे. घरातल्या बाईनं काही केलं नाही तर घर चालेल कसं?"

त्यांनी पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं आणि स्वतः तीन-तीन कारखाने एका दिवसात केले. पाय गेल्यावर थांबले. तेव्हा माझ्याकडून काही फार शिकायचं नाही. फक्त चमचा खाली ठेव."

आमच्या घरात भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे. दर रविवारी विहारात वंदनेला आम्ही जातो. डोळे मिटून शांत बसलेल्या त्या मूर्तीपुढे मी वर्षानुवर्षं मेणबत्ती लावली आणि लावून झाली की लगेच उठले. ही गोष्ट मला त्या चिनी फिटरमुळे हॉस्पिटलच्या खाटेवर जाणवली, आणि जरा लाजच वाटली.

शिफ्ट सुटली नाही

घरी आले. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, सहा महिने स्वयंपाकघरात जायचं नाही. राजेंद्रनी हॉलमध्ये हातांची खुर्ची आणून ठेवली, पाठीला उशी. तिथून स्वयंपाकघर दिसायचं.

तिथेच घोटाळा झाला. मी बसले, पण तोंड चालू राहिलं. आवाज जेवढा निघेल तेवढ्यात मी सांगत राहायचे. आधी ताटं घासा, मग पातेली. कणीक अशी नको, मऊ भिजवा. श्वेता, दूध उतू जाईल. आई, कोथिंबीर मुळासकट ठेवा. सकाळी दहापर्यंत माझी पापणी खाली आलेली असायची आणि घरातली सगळी माणसं वैतागलेली.

एक दिवस राजेंद्र पोळ्या लाटत होते. सेकंड शिफ्टला जायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "कडा जाड राहताहेत." त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, माझ्यासमोर येऊन बसले. आवाज चढवला नाही. "संगीता, तू खुर्चीत बसलीस, पण तुझी शिफ्ट काही सुटली नाही. लाइनवरच्या तुझ्या मुली तुझं ऐकायच्या, कारण त्यांना ऐकावंच लागायचं. आम्ही तीन माणसं घाबरलेली आहोत. तू पुन्हा नाकातून पाणी काढशील म्हणून रोज घाबरतो. त्यात हे. मला जाड कडांची पोळी खाऊन जगता येईल. तुझ्याशिवाय नाही जमणार."

ते उठून गेले आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. मी पुष्कळ रडले. रडण्यानंही स्नायू दमतात, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी श्वेताला खुर्ची फिरवायला सांगितली. तोंड बाल्कनीकडे, पाठ स्वयंपाकघराकडे. मागून भांडी पडल्याचे, दूध करपल्याचे सगळे आवाज आणि वास यायचे. सांगायची उबळ यायची. तेव्हा मी मनातल्या मनात चमचा खाली ठेवायचे. पहिले पंधरा दिवस हे अवघड होतं, खरंच सांगते, गोळ्यांपेक्षा अवघड. पुढे एक दिवस माझ्या लक्षात आलं की करपल्याचा वास आला आणि मला काहीच सांगावंसं वाटलं नाही.

आमच्या बिल्डिंगसमोर दोन टॉवरच्या मध्ये एक कांद्याचं वावर अजून शिल्लक आहे. सतरा वर्षं मी त्याच्यासमोरून बस पकडली, पण त्यात कांदा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आता त्याच्या पाती हिरव्या असताना आणि कांदा तयार होऊन माना पडताना दोन्ही पाहिलं.

सासूबाईंचं एक सांगायलाच हवं. त्यांनी तरुणपणी बिगारी काम केलं, डोक्यावर वाळूच्या पाट्या वाहिल्या. माझ्या आजारात घर त्यांच्यावर पडलं. एका दुपारी त्या कामं आटपून माझ्या शेजारी पाटावर येऊन बसल्या. दोन मिनिटांनी उठायला लागल्या. मी म्हटलं, "आई, बसा की जरा. काम नाही आता काही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "काम नसलं की हात कुठं ठेवावं ते कळत न्हाई मला. सारं आयुष्य गेलं, नुसतं बसायचं कुणी शिकिवलंच न्हाई बग."

"मला पण नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तू सांजच्याला सोंग करतीस, असं वाटायचं मला आधी. चुकलं माझं." आणि त्या बसल्या. हात मांडीवर, तळवे वर. त्यांच्या तळव्यांच्या रेषा पुसून गेल्यात हे मी तेव्हा पाहिलं. त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी बसू लागलो. बोलायचो कमी. बोलण्यानंही दमायला होतं, ते मला परवडत नव्हतं, आणि त्यांना फार बोलायची सवय नव्हती.

उतरणं

आठ महिन्यांनी कंपनीत गेले. माझी लाइन दुसऱ्या मुलीकडे होती, माझ्याच हाताखाली शिकलेल्या. साहेब म्हणाले, "तुमची जागा तुमचीच आहे, मॅडम. कधी सुरू करता?" मी घरी विचार करून गेले होते, तरी शब्द निघायला वेळ लागला. मी ट्रेनिंग रूम मागितली. नव्या मुलींना वायर कशी धरायची, क्लिप कशी बसवायची ते शिकवायचं, खुर्चीत बसून, चार तास. हुद्दा खालचा. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की?"

पहिल्या दिवशी शॉपफ्लोअरवरून जाताना माझ्या जुन्या लाइनवर शिट्टी वाजली आणि माझे पाय आपोआप तिकडे वळले. लागलं मनाला. पुष्कळ दिवस लागत राहिलं. समाधान म्हणजे दुःख नसणं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी जे मागे सोडलं ते मला आवडायचं. आता नव्या मुली येतात, त्यांना टार्गेटची भीती असते. मी त्यांना म्हणते, "आज एकच क्लिप बसव. नीट बघ ती कशी बसते." काही मुली त्यानं चांगल्या होतात, काही कंटाळतात. मी दोन्ही चालवून घेते.

व्यवहाराचं थोडं सांगते. जेवण गोळीचा अंमल असताना करा, चावायचं आधी, मऊ नंतर. कुठलंही नवं औषध घेण्याआधी आजाराचं नाव डॉक्टरांना सांगा, काही औषधं आपल्याला चालत नाहीत. आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. ताप आला तर अंगावर काढू नका. आणि संध्याकाळी तुम्ही कशा असता ते घरी, कामावर सगळ्यांना दिसू द्या, लपवू नका. मी लपवलं आणि सात आकड्यांवर आले.

माझ्या गोळ्या चालू आहेत. दमले की पापणी अजून येते खाली. पूर्ण बरी होईन का, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मीही हल्ली विचारत नाही. वैजयंतीताईंना अधूनमधून फोन करते. त्या पुन्हा काम घ्यायला लागल्यात, पण आठवड्यात एकच कारखाना. मी रागावले तर म्हणाल्या, "अगं, त्या एका कारखान्यात आता मीसुद्धा खुर्ची मागते."

परवाचा रविवार

परवा नणंद आणि तिच्या घरची सगळी जेवायला होती. आठ-नऊ माणसं. पूर्वी अशा दिवशी मी पहाटेपासून उभी असायचे आणि शेवटी एकटी जेवायचे. परवा सगळ्यांबरोबर बसून जेवले, एकेक घास. दोन वाजता पापणी जड झाली. घरात पाहुणे, हॉलमध्ये गप्पा रंगलेल्या, ओट्यावर भांड्यांचा डोंगर. मी उठून सांगितलं, "मी जरा पडते." कुणी काही म्हटलं नाही. नणंदेनं फक्त पंखा लावून दिला.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. बाहेरून कपबशांचा आवाज येत होता, राजेंद्र कुणालातरी साखर विचारत होते. श्वेता हसत होती. माझ्यावाचून चहा झाला होता, मला न उठवता.

कूस वळवली तर खाली चटईवर सासूबाई झोपलेल्या. त्यांना दिवसा झोपलेलं मी या घरात कधी पाहिलं नव्हतं. तोंड जरा उघडं, एक हात उशाला, श्वास संथ. बाहेरून राजेंद्रनी हाक दिली, "आई, चहा घेतेस ना?" त्यांना ऐकू गेलं नाही.

मी ओ दिली नाही. उठलेही नाही. त्यांच्या श्वासाकडे बघत पडून राहिले, त्या आपण होऊन जाग्या होईपर्यंत.